चिचेन इत्झातलं अतिक्रमण

मुलगी ह्यूस्टनला असली की तिच्या आईबापांच्या अमेरिकावारीत आता नायगाऱ्याच्या जोडीला कानकून येतं. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, विमान सव्वादोन-अडीच तासांत पोचवतं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर 'अगं टॉवेल कुठंय' हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडतं. त्या चार दिवसांतला एक दिवस तिथल्या माया लोकांच्या जुन्या शहरांच्या अवशेषांसाठी राखलेला असतो. सकाळी हॉटेलातून बस, सोबत गाइड, रात्री जेवायला परत. आम्हीही तसेच चिचेन इत्झा या पिरॅमिडवाल्या माया शहराला जाऊन आलो.

घरी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. पिरॅमिडचं कौतुक पाच मिनिटं टिकलं. मग फोटोत मागं दिसणाऱ्या फेरीवाल्यांवर गाडी घसरली. जागतिक वारसास्थळाच्या आवारात, पिरॅमिड डोळ्यांसमोर असताना, झाडाखाली टेबलं मांडून लोक मुखवटे विकतात म्हणजे काय! तिथलं पुरातत्त्व खातं झोपा काढतंय का? एकानं अजिंठ्याचा दाखला दिला: 'आपल्याकडं बघा, दुकानं चार किलोमीटर लांब फर्दापूर टी-पॉइंटला हलवली.' मी छत्रपती संभाजीनगरचा, त्यामुळे अजिंठ्याचं नाव निघाल्यावर गप्प बसणं अवघड होतं. पण माझं म्हणणं दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय. त्या फेरीवाल्यांना आवाराबाहेर काढू नये. ज्या डे टूरनं आपण तिथं जातो, झाडाझडती आधी तिची घ्यावी.

आमच्या दिवसाचा हिशेब सांगतो. साडेसहाला बस आली, पण आणखी पाच हॉटेलं फिरून कानकून सोडायला आठ वाजले. चिचेन इत्झा तिथून दोनशे किलोमीटर. कानकून ज्या किन्ताना रो राज्यात आहे तिथलं घड्याळ शेजारच्या युकातान राज्याच्या एक तास पुढं असतं, त्यामुळे जाताना सीमेवर एक तास फुकटात मिळतो. गाइडनं हे मोठ्या थाटात सांगितलं. तो तास गेला एका दुकानात. मग पोहण्यासाठी सेनोते, म्हणजे तिथली नैसर्गिक विहीर, मग बुफे, आणि पिरॅमिडपाशी आम्ही पोचलो ते भर उन्हात. तिथं मिळाली पावणेदोन तासांची वेळ. त्यातला पाऊण तास गाइडची माहिती, उरलेल्या वेळात फोटो, बाथरूम आणि एकमेकांना शोधणं. बारा तासांच्या सहलीत ज्यासाठी आलो त्याला पावणेदोन तास! लग्नाला जाऊन फक्त पंगतीला बसून यावं, तसं झालं.

दुकानाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गाइड त्याला 'माया कारागिरांची सहकारी संस्था' म्हणाला. आत एसी, टकिलाचे नमुने, काळ्या ऑब्सिडियन दगडाचे कासव, आणि काउंटरवर चांदीची लांबट पदकं. पदकावर आपलं नाव 'माया लिपीत' कोरून मिळतं, परतीच्या वाटेवर बसमध्ये हातात देतात. काउंटरवर एक तक्ता होता. ए म्हणजे हे चित्र, बी म्हणजे ते, सी म्हणजे पलीकडचं. बायकोनं नातवाचं नाव दिलं आणि मी तक्ता बघत उभा राहिलो, कारण त्या तक्त्यात साडेचारशे वर्षांपूर्वीची एक घोडचूक जशीच्या तशी विकायला ठेवली होती.

माया लिपीत ए-बी-सी नाहीच. ती आपल्या बाराखडीच्या जास्त जवळची. शब्दचिन्हं असतात आणि त्यांच्या जोडीला अक्षरचिन्हं, म्हणजे क, कि, कु अशी व्यंजन-स्वर जोडीची. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं १५६२ साली मानी गावी माया पोथ्या जाळल्या. नंतर त्यानंच या लोकांवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यासाठी एका जाणत्या माया माणसाला समोर बसवून स्पॅनिश मुळाक्षरं एकेक करून विचारली. लांदा 'बे' म्हणाला की तो बिचारा 'बे' या उच्चाराचं चिन्ह काढायचा, आणि लांदा त्याला 'बी' हे अक्षर समजून बसायचा. शेवटी लांदानं त्याला एखादं वाक्य लिही म्हणून सांगितलं. त्यानं लिहिलं, 'मा इन काती'. अर्थ: मला नको. लांदानं तेही इमानदारीनं उतरवून घेतलं! ही गफलत काय आहे हे १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाच्या ध्यानात आलं आणि तिथून लिपीचं कुलूप उघडत गेलं. जळण्यातून वाचलेल्या पोथ्या जगात आज चारच आहेत. आणि आमच्या 'सहकारी संस्थे'च्या काउंटरवर मात्र लांदाची मुळाक्षरं अजून जोरात चालू. पदक घेतलं. नातवाला आवडलं. त्यावर नक्की काय लिहिलंय ते देव जाणे.

बसमध्ये चढताना गाइडनं बजावलं, 'आत फेरीवाल्यांकडून काही घेऊ नका. सगळा माल नकली, चिनी.' आवारात बसणारी माणसं पिस्ते या अडीच-तीन किलोमीटरवरच्या गावची आणि आसपासच्या खेड्यांतली, आणि त्यांना नकली कोण म्हणतंय, तर ज्याच्या दुकानात ए-बी-सीची माया लिपी मिळते तो. गाइडला दुकानातून टक्का मिळतो, हे त्यानं लपवलंही नाही. त्याचं पगारात भागत नाही हेही खरं असेल. मला राग त्या माणसाचा आला नाही. या व्यवस्थेत प्रवाशाचा पैसा गावात पोचायच्या आधीच कुठं कुठं वळवायचा हे ठरवून ठेवलंय.

आता गाइडनं सांगितलेली माया लोकांची गोष्ट. थोर संस्कृती होती, खगोलशास्त्र होतं, शून्य होतं, आणि एके दिवशी सगळे गूढरीत्या नाहीसे झाले. कुठं गेले कुणालाच माहीत नाही. मग माया कॅलेंडरवरून उठलेल्या २०१२च्या जगबुडीचा विनोद, मग परग्रहवासीयांचा. बसमध्ये हशा. आदल्या दिवशी हॉटेलात आम्हाला कॉफी देणाऱ्या वेटरच्या छातीवर नावाची पट्टी होती, आडनाव 'पेच'. मराठी डोळ्यांना गंमत वाटली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, हे माया आडनाव आहे, युकातानात गल्लोगल्ली सापडेल. त्याची आई घरी मायाच बोलते. युकातेक माया बोलणारी माणसं मेक्सिकोत आजही साडेसात लाखांच्या वर आहेत. कानकून हे शहरच १९७०च्या दशकात सरकारनं आखून वसवलं, आणि त्याची हॉटेलं बांधायला, मग त्या हॉटेलांच्या चादरी बदलायला, ही खेड्यांतली माणसंच आली. नाहीशी झालेली माणसं सकाळी खोलीत येऊन टॉवेलांचे हंस करून ठेवतात.

खरं काय घडलं ते गूढ वगैरे नाही, लांबलचक आहे इतकंच. दक्षिणेकडची मोठी शहरं आठव्या-नवव्या शतकात ओस पडत गेली. चिचेन इत्झाची भरभराट त्याच सुमाराला आणि त्यानंतरची. ते मागं पडल्यावर मायापान हे शहर पुढं आलं. स्पॅनिश आले, तरी चिचेनशी नातं सांगणाऱ्या इत्झा लोकांचं ग्वातेमालातलं नोहपेतेन हे शहर १६९७ सालापर्यंत स्वतंत्र होतं. इकडं तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. म्हणजे 'प्राचीन' म्हणून आपण ज्यांना फोटोत बसवतो, त्यांचं शेवटचं राज्य मराठ्यांच्या मोगलांशी चाललेल्या लढाईच्या काळातलं. पुढं १८४७ साली युकातानात माया शेतकऱ्यांनी जे बंड उभारलं ते पन्नासेक वर्षं धुमसत राहिलं. आणि २०२४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं. चिचेन इत्झाच्या पवित्र विहिरीजवळ १९६७ साली सापडलेल्या चौसष्ट मुलांच्या हाडांतला डीएनए तपासला, तेव्हा ते सगळे मुलगे निघाले, त्यांत जुळ्यांच्या दोन जोड्या. त्या डीएनएचं नातं जवळच्याच एका खेड्यातल्या आजच्या माया रहिवाशांशी जुळलं. आमचा गाइड विहिरीपाशी अजून 'सुंदर कुमारिकांचा बळी' हीच कथा सांगत होता. चेंडूच्या भव्य मैदानावर, जे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या अशा जुन्या मैदानांत सगळ्यात मोठं, त्यानं जिंकणाऱ्याचं मुंडकं उडवायचे असं ठासून सांगितलं. भिंतीवरच्या शिल्पात एका खेळाडूचं शिर उडालेलं आहे, मानेतून रक्ताचे साप आणि वेली निघाल्या आहेत. तो जिंकला होता की हरला होता, हे दगड सांगत नाही.

गाइड चुकला म्हणून मी हे उगाळत नाही. अजिंठ्याचे आमचे गाइडही १८१९ साली वाघामागे आलेल्या स्मिथ साहेबानं लेणी 'शोधली' असंच सुरू करतात. खाली लेणापूरला माणसं राहत होती, त्यांना डोंगरातल्या लेण्यांचा पत्ता नव्हता असं म्हणायचं का? चिचेनच्या बाबतीत ही सवय जास्त महागात पडते. माणसं संपली असं एकदा ठरवलं की उरलेल्या दगडांवर कुणाचाच हक्क उरत नाही, आणि जो पैसे घेऊन येईल त्याचा तो होतो.

तसा तो झालाही. जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशानं १८३९ साली होंडुरासमधलं कोपान हे अख्खं माया शहर पन्नास डॉलरला घेतलं. चिचेन इत्झाची जमीन १८९४ साली एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं तिथल्या हसिएंदासकट, म्हणजे जमीनदारी वाड्यासकट, विकत घेतली, अवशेष त्यातच आले. मग त्यानं पवित्र विहिरीत गाळ काढायचं यंत्र उतरवलं आणि सोनं, जेड, हाडं काढून हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाकडं पाठवली. त्यातलं काही १९७० साली परत आलं. आपल्याकडं वाघनखं सातारच्या संग्रहालयात आली तेव्हा केवढा सोहळा झाला, आणि तीही उसनी. तिकडची गत वेगळी नाही. थॉम्पसननंतर ती जमीन एका बड्या स्थानिक घराण्याकडं गेली. कायद्यानं अवशेष राष्ट्राचे, पण त्याखालची माती खाजगी, असा विचित्र प्रकार पुढं कित्येक दशकं चालला. २००७ साली जगातल्या सात नव्या आश्चर्यांत ताजमहालाच्या पंक्तीला हे नाव आलं तेव्हाही जमीन त्यांचीच होती. २०१० साली युकातान राज्य सरकारनं ती २२ कोटी पेसो मोजून घेतली. अवशेषांना अगदी खेटून जुनी हॉटेलं आहेत, १९२०च्या दशकापासून. तिथं उतरलेल्या पाहुण्यांना खोलीतून चालत अवशेषांपर्यंत जाता येतं. त्यांना अतिक्रमण म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. ज्यांच्या पणजोबांना ही जमीन कोण कुणाला विकतंय हे कुणी विचारलंही नाही, त्यांनी झाडाखाली टेबल मांडलं की मात्र अतिक्रमण.

विरुद्ध बाजूचं म्हणणं पोकळ नाही, हे मान्य. शेकडो टेबलं आहेत. 'वन डॉलर, ऑलमोस्ट फ्री' हे पालुपद डोकं उठवतं. जग्वारसारखा आवाज काढणाऱ्या मातीच्या शिट्ट्या दर दोन मिनिटांनी गुरगुरतात. पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की वरून पक्ष्याच्या चिरकण्यासारखा प्रतिध्वनी येतो, क्वेत्साल पक्ष्यासारखा म्हणतात, तो ऐकायला मला तीनदा शिट्ट्या थांबायची वाट बघावी लागली. माल सगळा हाताचा नाही. मेक्सिकन टोप्या, फुटबॉलचे शर्ट, फ्रिजवर चिकटवायचे पिरॅमिड, हे पिस्तेत होत नाही आणि मायांशी त्याचा काही संबंध नाही. कायदाही त्यांच्या बाजूनं नाही. ते आणि 'इनाह' हे केंद्राचं पुरातत्त्व खातं यांच्यात वर्षानुवर्षं रस्सीखेच चालू आहे.

तरीही. पिरॅमिडकडून पवित्र विहिरीकडं जाणारा रस्ता आहे, त्याला तिकडं 'साकबे' म्हणतात, पांढरी वाट. युकातानात वाहत्या नद्या नाहीत. सगळा चुनखडीचा प्रदेश, पाणी जमिनीखाली, आणि छत कोसळून उघड्या पडलेल्या त्या निसर्गाच्या बारवा म्हणजे सेनोते. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी'. शहर ओस पडल्यावरही लोक या विहिरीला नवस बोलायला येत होते, लांदाच्याही काळात. फेरीवाल्यांची सगळ्यात दाट रांग याच वाटेवर आहे. माझ्या मराठी डोक्याला त्यात खटकण्यासारखं काही दिसेना. देवाच्या वाटेला दुतर्फा दुकानं नसलेलं क्षेत्र मी अजून पाहिलेलं नाही. जेजुरीच्या पायऱ्यांवरून भंडाऱ्याची दुकानं उठवून बघा, काय उरतं ते.

त्या वाटेवर एक माणूस मुखवट्यावर पॉलिशपेपर घासत बसला होता. मांडीवर भुसा, पायाशी पाण्याची बाटली आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मी थांबलो तरी त्यानं 'वन डॉलर' म्हटलं नाही, बहुधा आमच्या गाइडची छत्री दूर जाताना त्याला दिसली असावी. मुखवट्याच्या कपाळावर साप होता, त्याच्या तोंडातून माणसाचा चेहरा बाहेर आलेला. हाच चेहरा मी दहा मिनिटांपूर्वी दगडात पाहिला होता. मोडक्यातोडक्या खुणांनी विचारल्यावर कळलं की लाकूड गावाकडचं, कोरीव काम त्याचं, रंगवण्याचं काम घरात बायकोचं. ही लाकडाची कला काही हजार वर्षांची नाही. प्रवासी येऊ लागल्यावर, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पिस्तेवाल्यांनी ती अंगी आणली, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ती खोटी? येवल्याच्या विणकरानं नवा नमुना काढला तर आपण त्याला खोटी पैठणी म्हणतो का?

शेजारी भरतकामाचे रुमाल मांडून बसलेली बाई फोनवर मायात बोलत होती. अख्ख्या दिवसात ती भाषा कानावर पडली ती फक्त तिथं. आमच्या गाइडनं दिवसभरात जेवढं सांगितलं त्यात एकही वाक्य मायात नव्हतं.

अजिंठ्याचा अनुभव म्हणून सांगतो. टी-पॉइंटला दुकानं नेली, तिथून लेण्यांपर्यंत एसटीची बस ठेवली, कारण प्रदूषण कमी व्हावं. ते झालंही असेल, बस चांगली आहे. पण विक्रेत्यानं प्रवाशाला गाठणं संपलं का? गाडीतून पाय खाली पडायच्या आत कुणीतरी हातात चमकणारा एक खडा ठेवतं, 'फ्री गिफ्ट साहेब, परत येताना सतरा नंबरला या, प्रॉमिस.' पोट लांब हलवलं की माणूस धावत जवळ येतो. चिचेनमध्ये हे लोक दाराबाहेर गेले तर ते तरी कुणाला गाठणार? डे टूरची बस बाहेर पाच मिनिटंही थांबत नाही. थांबते ती एसीच्या दुकानात. आवार मोकळं झाल्यानं फायदा त्या दुकानाचा होईल.

मग मला काय हवंय? आत बसायचा हक्क गावातल्या कारागिरांना परवान्यानं द्यावा आणि टोप्या-शर्टांना बाहेरचा रस्ता दाखवावा. शिट्ट्यांना बंदी घातली तर मी पेढे वाटीन. परदेशी माणसाकडून सहाशे पेसोंहून जास्त तिकीट घेतात, त्याचा मोठा वाटा युकातान राज्याकडं आणि लहान इनाहकडं जातो. त्यातलं पिस्तेत काय येतं ते दारावर पाटी लावून सांगावं. आणि गाइडच्या परवान्याच्या परीक्षेत माया बोलणाऱ्याला झुकतं माप द्यावं. सगळ्यांना माया यायलाच हवी असा हट्ट नाही, पण ज्याला येते त्यानं दिवसभर स्पॅनिश आणि इंग्रजीच बोलायची, हे कुठलं शहाणपण?

२००६पासून पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, एका वृद्ध प्रवासी बाईचा पडून मृत्यू झाल्यानंतर. त्यावर ग्रुपमधले काही जण हळहळले. मला ती बंदी योग्य वाटते. एका बाजूला ९१ पायऱ्या, चार बाजू आणि वरचा चौथरा मिळून ३६५, हा हिशेब खालूनही कळतो. २०२३च्या डिसेंबरपासून कानकूनहून 'त्रेन माया' नावाची रेल्वे धावते, चिचेन इत्झाचं वेगळं स्टेशन आहे. जंगल तोडून आणि काही ठिकाणी भूगर्भातल्या गुहांवर खांब रोवून ती बांधली, काही टप्पे तर लष्करानं, म्हणून मोठं वादळ झालं, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण रेल्वे असो की बस, सकाळी नेऊन रात्री परत आणणार असाल तर पिस्तेच्या पदरी फारसं काही पडायचं नाही.

भाचीचा डलासहून फोन आला होता, तीही डिसेंबरमध्ये जातेय. मी तिला म्हटलं, टूर घेऊ नकोस, पिस्तेत एक रात्र राहा. दार आठला उघडतं, कानकूनच्या बसगाड्या यायला दहा-साडेदहा होतात. त्या मधल्या वेळात हातगाड्यांवर मुखवट्यांची गाठोडी रचून माणसं आत येताना दिसतील, टेबलं मांडताना एकमेकांना 'बिश अ बेल' म्हणतील. कसं चाललंय, असा अर्थ. शब्दशः तुझी वाट कशी आहे. तिला ते फारसं ऐकायचं नव्हतं. 'मामा, ते मागं लागतात म्हणे. नको कसं म्हणायचं तेवढं सांग.' मी सांगितलं: मा इन काती.